बाकल्याच्या बियांवरचा तपकिरी डाग: भुंगेऱ्यांमार्फत पसरणाऱ्या विषाणूपासून पीक आणि बियाणे कसे राखावे

इंग्लंडमध्ये अलॉटमेंटवर, म्हणजे अल्प भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावर, भाजीपाला करणाऱ्या मराठी माणसाला ब्रॉड बीन्स हे पीक लवकरच आपलेसे वाटू लागते. हिवाळ्यात बाकीचे वाफे ओस पडलेले असताना ते तग धरून उभे असते, आणि त्याच्या दाण्यांची जाड साले काढताना वालाच्या बिरड्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही. मात्र हा आपला वाल नव्हे आणि पावटाही नव्हे. व्हिसिया फाबा ही वेगळी वनस्पती असून उत्तर भारतात तिला बाकला म्हणतात. या लेखात तेच नाव वापरले आहे.

बाकल्याचे बी घरचे धरणे सोपे असते. पाच-सहा वर्षे तेच बी वापरल्यावर मात्र काही जणांना दिसते की दाण्यांच्या कडेने तपकिरी पट्टा उमटू लागला आहे, पाने चट्टेरी दिसत आहेत आणि झाडे पूर्वीसारखी भरत नाहीत. जमीन थकली, खत कमी पडले, बी जुने झाले अशी कारणे शोधली जातात. यांपैकी एखादे कारण खरेही असू शकते. परंतु दाण्याच्या सालावरचा डाग आणि पानावरचे चट्टे ही दोन्ही लक्षणे एकत्र असतील, तर बियाण्यासोबत विषाणू घरात आला आहे असे समजून पुढची तपासणी करावी.

हा विषाणू म्हणजे ब्रॉड बीन स्टेन व्हायरस. येथे त्याला डाग विषाणू म्हणू. इंग्लंडमधील वूस्टरशर परगण्यातल्या इव्हशम या भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध असलेल्या भागावरून दाण्यावरच्या या डागाला ‘इव्हशम स्टेन’ असे नाव पडले होते, आणि त्यामागचा विषाणू १९६५ मध्ये शास्त्रीय वाङ्मयात नोंदवला गेला. त्याचा एक जवळचा भाऊबंद जर्मनीत १९५३ मध्येच वर्णिला गेला होता. त्याच्या जर्मन नावाचा अर्थ ‘बाकल्याचा खरा मोझॅक’ असा होतो; मोझॅक म्हणजे पानांवरचे फिकट-गडद चट्टे. दोघेही कोमोव्हायरस या एकाच प्रजातीगटातले आहेत, दोघांचेही कण गोलसर आणि सुमारे २८ नॅनोमीटर व्यासाचे असतात, दोघेही बियाण्यातून पुढच्या पिढीत जातात आणि दोघांनाही भुंगेरे पसरवतात. बागेत त्यांच्यात फरक करण्याची गरज पडत नाही, कारण उपाय एकच आहे. मोरोक्को, ट्युनिशिया, सुदान आणि सीरिया या देशांत आढळणारा ब्रॉड बीन मॉटल व्हायरस वेगळ्या कुळातला असला तरी तोही भुंगेऱ्यांमार्फतच पसरतो, आणि तेथे हरभरा, मसूर व वाटाणा यांनाही तो लागतो.

भुंगेरा नेमके काय करतो

महाराष्ट्रात मुगाचा किंवा सोयाबीनचा पिवळा मोझॅक पाहिलेल्या शेतकऱ्याच्या मनात विषाणू म्हटले की पांढरी माशी येते, आणि इतर अनेक रोगांत मावा येतो. ही दोन्ही रसशोषक किडी आहेत. त्या सुईसारखी सोंड खुपसून रस ओढतात. भुंगेऱ्याचे तोंड चावण्यासाठी घडलेले असते. तो पान कुरतडतो, आणि कुरतडताना पोटातला पाचक द्रव थोडा थोडा पानाच्या जखमेवर ओकतो. आधी रोगट झाडावर चरून आलेला असेल तर त्या द्रवात विषाणूचे कण असतात आणि ते जखमेत मिसळतात.

यावर एक प्रश्न उभा राहतो: मग प्रत्येक विषाणू भुंगेऱ्यामार्फत का पसरत नाही? त्याचे उत्तर अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात दिले. भुंगेऱ्याच्या त्या द्रवात आरएनए, म्हणजे अशा विषाणूंचा जनुकीय पदार्थ, तोडणारे विकर (एन्झाइम) असते. ते जखमेच्या जागी बहुतेक विषाणूंना संसर्ग करू देत नाही. जे विषाणू या अडथळ्यातून पार पडतात, तेवढेच भुंगेऱ्यामार्फत पसरणारे ठरतात. विषाणू किड्याच्या शरीरात वाढत नाही आणि चावण्याआधी त्याला मुरण्यासाठी वेळही लागत नाही. रोगट पानाचा घास घेतलेला भुंगेरा लगेचच शेजारच्या झाडाला रोग देऊ शकतो, आणि ही क्षमता त्याच्याकडे काही दिवस टिकू शकते.

इंग्लंडमधील रोथमस्टेड या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात झालेल्या कामातून दोन वाहक स्पष्ट झाले. एक, वाटाणा-बाकल्याचा सोंड्या भुंगेरा, म्हणजे सायटोना लिनिएटस: चार ते पाच मिलिमीटर लांब, राखाडी-तपकिरी, पाठीवर फिकट पट्टे असलेला. दुसरा एपियॉन व्होरॅक्स: जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, काळसर, पेअर फळाच्या आकाराचा, लांब सोंडेचा. नजरेत भरतो पहिला. विषाणू अधिक कार्यक्षमतेने पसरवतो मात्र दुसरा. सीरियात मसुरीच्या शेतांत हेच काम याच दोन प्रजातींचे वेगळे भाऊबंद करतात.

त्याच कामातून पुढे आलेली दुसरी गोष्ट बागायतदाराच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. ब्रिटनमध्ये या विषाणूचा वर्षारंभीचा मुख्य साठा रोगट बियाण्यात असतो. हिवाळा बांधाच्या गवतात किंवा झाडांच्या आडोशाला काढून आलेला भुंगेरा बहुतेक वेळा निर्मळ असतो; तुमच्या वाफ्यात बियाण्यातून उगवलेले एखादे रोगट रोप त्याला सापडले की तेथून साखळी सुरू होते. म्हणून पुढे सांगितलेल्या पायऱ्यांपैकी निम्म्या बियाण्याविषयी आहेत. फवारणीविषयी फारच थोडे आहे, आणि तसे ते जाणीवपूर्वक ठेवले आहे.

पहिली पायरी: पेरणीपूर्वी बियाणे पाहणे

सप्टेंबरमध्ये किंवा जानेवारीत, पेरणीच्या पुष्कळ आधी, सगळे बी पांढऱ्या ताटात पसरावे आणि दिवसाच्या उजेडात पाहावे. बियाला एका बाजूला काळा किंवा फिकट डोळा असतो, जेथे ते शेंगेला चिकटलेले असते. डाग विषाणूचा डाग बहुधा दाण्याच्या कडेने, परिघावर, तपकिरी ते काळपट पट्ट्यासारखा असतो. असे सर्व दाणे बाजूला काढावेत.

येथे काही गल्लती टाळायला हव्यात. बाकल्याचे बी जुने होताना सालातील टॅनिनमुळे सर्वांगाने तपकिरी होत जाते. तो सारखा, एकसंध रंग असतो आणि त्याचा विषाणूशी संबंध नाही. दाण्याला गोल, स्वच्छ भोक असेल तर ते ब्रुकस या शेंगेतील भुंगेऱ्याचे काम आहे. दाणा फोडल्यावर दोन दलांच्या आतील सपाट बाजूवर मध्यभागी तपकिरी ठिपका दिसत असेल आणि साल स्वच्छ असेल, तर मँगनीजची कमतरता हे कारण अधिक संभवते. विषाणूचा डाग सालावर असतो, एवढे लक्षात ठेवावे.

डागाळलेले दाणे काढून टाकले की काम संपले, असा समज मात्र करून घेऊ नये. डाग नसलेल्या दाण्यातही विषाणू असू शकतो आणि प्रत्येक डागी दाण्यात तो असतोच असे नाही. निवडणीने रोगट बियांचे प्रमाण घटते. ते शून्यावर येत नाही. एखाद्या मूठभर बियांत पाच-सहा दाणे स्पष्ट डागी निघाले, तर माझ्या मते ते संपूर्ण बी स्वयंपाकघरात पाठवावे. विषाणू माणसाला बाधत नाही.

दुसरी पायरी: उगवण चाचणी

जे वाण बाजारात मिळत नाही आणि ज्याचे बी टाकवत नाही, त्याच्यासाठी ही पायरी आहे. बी ट्रेमध्ये किंवा लहान कुंड्यांत, किडी पोहोचणार नाहीत अशा उजेडाच्या जागी पेरावे आणि रोपाला पाच-सहा पाने येईपर्यंत, साधारण तीन-चार आठवडे, दर दोन दिवसांनी पाहावे. बियाण्यातून आलेल्या संसर्गात फिकट व गडद हिरव्या रंगाचे अनियमित चट्टे दिसतात, काही वेळा पान आक्रसते किंवा वाकडे होते. या विषाणूची एक फसवी सवय अशी की एकाच झाडावर चट्टेरी पानांनंतर काही पाने अगदी निरोगी दिसणारी येतात. त्यामुळे एका दिवसाच्या पाहणीवर निकाल देऊ नये. प्रत्येक नवे पान उघडल्यावर पाहावे आणि संशयित रोपाला खूण करून ठेवावी.

किती दाणे पेरायचे हा प्रश्न येथे हिशोबाचा आहे. बियांत पाच टक्के संसर्ग असेल, तर तो किमान एका रोपात तरी सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास सुमारे ६० दाणे पेरावे लागतात. एक टक्का संसर्ग त्याच खात्रीने पकडायचा तर सुमारे ३०० दाणे लागतात. वीस दाणे पेरून सगळी रोपे चांगली आली, याचा अर्थ फक्त इतकाच की संसर्ग फार मोठा नाही. अलॉटमेंटवर साठ दाण्यांची चाचणी परवडते. तीनशेची परवडत नाही, आणि म्हणून तिसरी पायरी टाळता येत नाही.

संशोधन संस्थांमध्ये हेच काम एलायझा या विषाणू ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचणीने किंवा पानाच्या देठाचा ठसा विशेष कागदावर उमटवून करतात. पूर्वी सीरियातील अलेप्पोजवळ असलेल्या इकार्डा या आंतरराष्ट्रीय संस्थेने ही ठशाची पद्धत बाकला, मसूर आणि हरभऱ्याच्या विषाणूंसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली. मसुरीच्या बियाण्यातील डाग विषाणू कोरड्या उष्णतेने निष्प्रभ करण्याचे प्रयोगही तेथेच १९९० च्या दशकात झाले. ते नियंत्रित तापमानाच्या यंत्रात केलेले काम आहे. घरच्या ओव्हनमध्ये तसे करू गेल्यास विषाणूआधी बियाची उगवणक्षमता जाण्याचीच शक्यता अधिक. त्यामुळे हा मार्ग सोडून द्यावा.

तिसरी पायरी: भुंगेरे येण्याआधी रोगट रोपे उपटणे

सगळ्या मार्गदर्शनातून एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी. शरद ऋतूत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला बाकला फेब्रुवारी-मार्चपर्यंत वीतभर वाढलेला असतो, तर वसंतात पेरलेला एप्रिलमध्ये त्या उंचीला येतो. वातावरण बारा ते पंधरा अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की सोंडे भुंगेरे बांधावरून आणि क्लोव्हर-व्हेचसारख्या रानटी द्विदल वनस्पतींवरून पिकाकडे सरकू लागतात. त्याच्या आधीच्या आठवड्यांत वाफ्यात दोन-तीनदा फेरी मारावी आणि चट्टेरी पानांचे प्रत्येक रोप मुळासकट उपटावे. ढगाळ दिवशी किंवा आपली सावली पानांवर पाडून पाहिल्यास फिकट-गडद फरक चांगला कळतो. कडक उन्हात तो डोळ्यांतून निसटतो.

या वेळी वाफ्यात जे रोगट रोप आहे ते जवळपास निश्चितच बियाण्यातून आलेले आहे, कारण ते पसरवणारा अजून आलेलाच नाही. शंभर रोपांत अशी दोन रोपे असतील आणि ती दोन्ही निघाली, तर पुढे आलेल्या भुंगेऱ्यांनी पाने कितीही कुरतडली तरी त्यांच्याकडे पसरवायला काही उरत नाही. हीच दोन रोपे मे महिन्यात उपटली तर आजूबाजूची दहा-बारा झाडे आधीच लागण झालेली असतात, आणि त्यांच्यावरची लक्षणे दिसायला आणखी काही दिवस जातात.

गेल्या वर्षीच्या वाफ्यात गळालेल्या शेंगांतून आपोआप उगवलेली रोपे हा याच पायरीचा दुर्लक्षित भाग आहे. कांद्याच्या किंवा कोबीच्या वाफ्यात उगवलेले बाकल्याचे एकटे रोप कौतुकाने ठेवले जाते, ते काढावे. उपटलेली रोपे कंपोस्टमध्ये टाकण्यास हरकत नाही, फक्त त्यात पक्व बी असता कामा नये. हा विषाणू मातीत टिकून रोग करत नाही, त्यामुळे जमीन बदलण्याचीही आवश्यकता नाही.

चौथी पायरी: पान पाहून ओळख पक्की करणे

निरोगी झाड उपटले जाऊ नये म्हणून थोडे तारतम्य हवे. पानाच्या कडेला अर्धगोल, तिकिटाच्या कडेसारखे खाचे असतील तर ते सायटोनाचे चरणे आहे. पानात बारीक गोल छिद्रे असतील तर एपियॉनचा संशय घ्यावा. ही जखम आहे, रोग नव्हे, आणि जोमदार झाड ती सहज सोसते. सायटोनाच्या अळ्या मुळांवरच्या नत्रगाठी खातात, ते नुकसान वेगळे. झाडाला हात लागताच हा भुंगेरा पाय आखडून खाली पडतो आणि मातीच्या रंगात दिसेनासा होतो, म्हणून तो नाही असे पुष्कळांना वाटते. पांढरा कागद खाली धरून झाड हलवल्यास तो सापडतो.

पानावर चॉकलेटी ठिपके असतील तर ती बोट्रायटिस बुरशी. नारिंगी-तपकिरी पूड हाताला लागत असेल तर तांबेरा. शेंड्याची पाने पिवळी पडून वर वळत असतील आणि कडक लागत असतील, तर माव्यामार्फत पसरणाऱ्या बीन लीफरोल व्हायरसचा विचार करावा. माव्यामार्फतच पसरणारा बीन यलो मोझॅक हा विषाणू मात्र डाग विषाणूसारखाच दिसतो आणि डोळ्यांनी दोघांत नेमका फरक करता येत नाही. बियाण्यासाठी राखलेल्या ओळीत हा फरक करण्याची गरजही नाही; मोझॅक दिसलेले झाड काढायचेच आहे. देठाच्या तळाशी असलेल्या उपपर्णांवरचा जांभळट-काळा ठिपका ही मात्र मधुग्रंथी आहे. मुंग्या तेथे जमतात, नवखे घाबरतात. ती प्रत्येक निरोगी झाडाला असते.

पाचवी पायरी: भुंगेऱ्यांचा बंदोबस्त, जेवढा करता येईल तेवढा

लहान वाफ्यासाठी सर्वांत विश्वासार्ह उपाय म्हणजे बारीक विणीची कीटकरोधक जाळी. ती भुंगेरे येण्यापूर्वी टाकावी आणि कडा मातीत दाबाव्यात. ज्या जागी गेल्या वर्षी वाटाणा किंवा बाकला होता तेथे जाळी टाकू नये, कारण भुंगेरे आसपास दबा धरून असू शकतात आणि मग ते जाळीच्या आत सुखाने चरतात. फुलोरा येताच जाळी काढावी लागते. भुंग्या मधमाश्यांशिवाय (बंबलबीशिवाय) शेंगा नीट धरत नाहीत.

व्यावसायिक शेतीत सायटोनासाठी कामगंध सापळे लावतात आणि एका नोंदीत सापळ्यामागे सरासरी ३० पेक्षा अधिक भुंगेरे सापडल्यास कीटकनाशकाचा विचार करतात. तो आकडा चरण्यामुळे होणाऱ्या नुकसानीसाठी ठरवलेला आहे. विषाणूच्या दृष्टीने थोडे भुंगेरेही पुरतात, जर रोगट रोप शेजारी असेल. आणि ते नसेल तर पुष्कळ भुंगेरेही निरुपद्रवी ठरतात. म्हणून घरच्या बागेत विषाणूसाठी फवारणी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. फुलोऱ्यातल्या झाडावर तर ती मुळीच करू नये.

काळ्या माव्यासाठी शेंडे खुडण्याची प्रथा चांगली आहे, तिच्यात एकच सावधगिरी बाळगावी. हा विषाणू रोगट पानाचा रस निरोगी पानावर घासूनही लावता येतो. प्रयोगशाळेत तसेच करतात. त्यामुळे आधी निरोगी ओळीचे शेंडे खुडावेत, संशयित झाडांना शेवटी हात लावावा आणि नंतर हात व कात्री साबणाने धुवावी.

सहावी पायरी: बियाण्याची ओळ वेगळी राखणे

खाण्यासाठीच्या आणि बियाण्यासाठीच्या झाडांना एकच नियम लावणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. बहुतेक लोक कोवळ्या शेंगा तोडत राहतात आणि हंगामाच्या अखेरीस राहिलेल्या, नजरेतून सुटलेल्या शेंगांचे बी धरतात. त्या शेंगा अनेकदा खुरटलेल्या झाडावरच्या असतात, आणि झाड खुरटण्याचे कारण विषाणू असेल तर आपण दरवर्षी नेमके रोगट बी निवडून पेरत जातो.

त्याऐवजी मार्चमध्येच पंधरा-वीस जोमदार झाडांची एक ओळ ठरवून तिला काठ्या व सुतळी बांधावी आणि तिच्यातली एकही शेंग खाण्यासाठी तोडू नये. फुलोऱ्यापूर्वी लागण झालेल्या झाडाच्या बियांत विषाणू उतरण्याची शक्यता, फुलोरा उलटल्यावर लागण झालेल्या झाडापेक्षा पुष्कळ जास्त असते. परागकणांतूनही तो बीजात पोहोचू शकतो. त्यामुळे पहिली फुले उमलेपर्यंत या ओळीची पाहणी आठवड्यातून दोनदा करावी. त्यानंतर चट्टे दिसलेल्या झाडाच्या शेंगा खुशाल खाव्यात, पण त्यांचे बी धरू नये. शेंगा काळ्या होऊन वाळल्यावर, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या पाकिटात भरावे. हे थोडे किचकट वाटते, परंतु पुढच्या उगवण चाचणीत रोगट रोप सापडलेच तर एकच पाकीट टाकावे लागते, सगळा डबा टाकावा लागत नाही.

ओळीतल्या पाचांपैकी एक झाड रोगट निघत असेल, तर त्या वर्षी बी धरण्याचा विचार सोडावा आणि नामांकित विक्रेत्याकडून नवे बी आणावे. जुन्या वाणाचा लोभ असल्यास त्यातले सर्वांत स्वच्छ वीस-तीस दाणे जाळीखाली, बाकीच्या पिकापासून दूर, वेगळे वाढवून त्यांच्यापासून पुन्हा सुरुवात करता येते. दोन-तीन वर्षांत बी स्वच्छ होते.

बी भारतात नेण्याविषयी

नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात बाकला चांगला येईल, असे वाटून सुट्टीला जाताना मूठभर दाणे सामानात टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. पेरणीसाठी बी आणण्यास भारतात २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि हा नियम केवळ कागदी नाही. नवी दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या विलगीकरण तपासणीत, परदेशातून संशोधनासाठी आलेल्या बाकल्याच्या नमुन्यांत डाग विषाणू यापूर्वी सापडला आहे आणि असे नमुने तेथेच अडवले गेले आहेत. बाकला भारतात मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश अशा भागांत थोड्या क्षेत्रावर होतो. मसूर आणि वाटाणा मात्र लाखो हेक्टरांवर होतात, आणि हा विषाणू त्या दोन्ही पिकांना लागतो. गावी बाकला लावायचाच असेल तर उत्तर भारतातले स्थानिक बी मागवावे; ते त्या हवेला सरावलेले असते आणि त्यासाठी परवाना लागत नाही.